उशिराचा कोंबडा आणि त्याची चार पाती

मी, फेना टामेन्स, कै. ओक्के टामेन्स यांची विधवा, माहेरची वेसेलिंक, धंदा पवनचक्कीवर दळण दळणे, राहणार नोर्डरवीर, प्रांत ग्रोनिंगन, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणावाचून लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. खुबा शाबूत नाही, पण मृत्युपत्र खुब्याने लिहायचे नसते. नोटरीसाहेब म्हणाले होते, तुम्ही तोंडी सांगा, मी कायद्याच्या भाषेत उतरवतो. मी त्यांना म्हटले, ज्याचे दळण त्याने निवडावे. म्हणून हे माझ्या हातचे आहे. त्यांनी ते तिजोरीत ठेवावे आणि शुद्धलेखन तपासू नये.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात चक्की माझा एकुलता एक मुलगा एप्पो याला दिली होती. त्यानंतर एप्पोने आपला बेत मला जेवताना सांगितला. मी डोळे मिटले की चारही पाती उतरवायची, चक्कीचे डोके काढून टाकायचे आणि उरलेल्या विटांच्या बुंध्यात कोंबड्यांच्या खाद्याची पोती रचायची. शहरात त्याची विजेवरची गिरणी आहे, तिला गोदाम अपुरे पडते. तेव्हा आमची चक्की फिरती राहणार की तिचा बुंधा होणार, एवढाच या कागदाचा खरा प्रश्न आहे. बाकी सगळ्या कपबश्या.

म्हणून कपबश्यांपासूनच सुरुवात करते.

कलम १. निळ्या नक्षीच्या कपबश्या चर्चच्या महिला मंडळाला द्याव्यात. या बायकांनी माझ्या घरी कॉफी प्यायल्यावर दर वेळी कप उलटा करून खालचा शिक्का वाचला आहे. आता सावकाश वाचा म्हणावे.

कलम २. ओक्केची कुऱ्हाड शेजारी फोक्को यांना. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमची भाकरी नैऋत्येच्या वाऱ्यावर चालते आणि चक्कीच्या तोंडासमोर कोणी उंच झाड लावू नये असा इकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. फोक्को यांनी नेमकी नैऋत्येलाच पॉप्लरची रांग लावली, कारण त्यांच्या गाईंना उन्हाचा त्रास होतो. ग्रोनिंगनमध्ये, उन्हाचा त्रास. मी तक्रार केली, तर पंचांनी सांगितले की झाडे अजून लहान आहेत. लहान तर फोक्कोही होते कधीकाळी. झाडांना मी माफ केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे नोटरीसाहेब म्हणतात आणि फोक्को साक्षीदार आहेत, म्हणून कुऱ्हाड आज सकाळीच त्यांच्या हातात दिली. धार लावलेली आहे.

कलम ३. माझ्या वडिलांची दगड टाकवायची टाकी. दगड गुळगुळीत झाले की दाणा नुसता घरंगळतो, मग तळी उचलून, उलटी करून, तिच्यात पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. ते काम या टाकीने होते. ही टाकी चक्कीबरोबर जाईल, चक्की ज्याची त्याची टाकी. ती आमच्या घरात कशी आली, हे लिहिले पाहिजे, कारण ते सांगणारी आता मीच उरले आहे.

आम्ही वेसेलिंक मंडळी दूर ट्वेंटे भागातली, पाण्याची माणसे. आमच्या ओढ्यावर पाणचक्की होती, ती कोणी बांधली हे कोणाला आठवत नाही, आणि वडिलांच्या मते विचारणे हाही आगाऊपणा होता. टामेन्स ही वाऱ्याची माणसे. दळणाऱ्याची मुलगी दळणाऱ्याच्याच घरी द्यायची हे दोन्हीकडे पक्के, पण पाण्याची पाण्यात आणि वाऱ्याची वाऱ्यात. ओक्के आमच्याकडे एक जुनी दगडी तळी विकत घ्यायला आला. सौदा सकाळीच झाला, तरी तो तळी पारखत संध्याकाळपर्यंत थांबला. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा आला आणि म्हणाला की एका तळीवर दळण होत नाही, जोडी लागते. आमच्या आईला ते लगेच कळले. वडिलांना मात्र खरोखर दुसरी तळी हवी आहे असे वाटले आणि त्यांनी ती दाखवलीसुद्धा.

कळल्यावर ते म्हणाले, “वारा म्हणजे जुगार. आज आहे, उद्या नाही. जुगाऱ्याच्या घरात मी मुलगी देत नाही.”

इकडे माझे सासरे बेरेंड यांचे म्हणणे असे की पाण्याची माणसे जन्मजात आळशी. बांधाचे दार वर उचलले की पाणी येते, त्यात कसले कसब? वाऱ्यासाठी कोंबडा आरवायच्या आत उठावे लागते. हे सांगणारा माणूस ज्या चक्कीचा मालक होता तिचे नाव ‘उशिराचा कोंबडा’. टामेन्सांचा मूळ पुरुष वीबे हा दुपारपर्यंत झोपायचा म्हणून गावाने ते नाव ठेवले, आणि घराण्याने ते मोठ्या अक्षरांत रंगवून दारावर लावले. मला हे घराणे आवडले ते याच गोष्टीसाठी. लग्न झाले. वडील आले नाहीत. मी घरून निघताना आईने माझ्या पेटीत गुपचूप ही टाकी घातली, म्हणाली, वाऱ्याच्या माणसांना दगड तरी नीट टाकवता येतो की नाही कोणास ठाऊक.

कलम ४. पाळणा, मुलगा एप्पो याला. त्याच्याबरोबर पाळण्याची हकीकतही त्यालाच, कारण ती सांगितली की तो उठून जातो, आणि मृत्युपत्रातून उठून जाता येत नाही.

आमच्या मुलखात चक्की थांबवताना पाती कशी थांबवली यावरून घरातले वर्तमान कळते. वरचे पाते माथ्यावर पोहोचायच्या किंचित आधी थांबले तर घरात आनंद आहे. माथा ओलांडून उतरणीला लागल्यावर थांबले तर घरात कोणी गेले. एक चक्की दुःखात थांबली की दिसेल तितक्या लांबच्या चक्क्या आपली पाती तशीच थांबवतात, आणि बातमी कोणत्याही घोड्यापेक्षा लवकर पोहोचते.

एप्पो जन्मला तेव्हा चक्की चालू होती. सुइणीने जिन्यावरून हाक मारली, मुलगा झाला. ओक्के ब्रेक ओढायला धावला, आनंदात थांबवायची म्हणून. पण तो रडत होता आणि हसत होता आणि त्याने दोर एक क्षण उशिरा ओढला. पाते माथ्यावरून पुढे गेले. त्याने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही, सरळ माझ्याकडे धावत आला आणि पाळणा हलवत बसला, ज्यात अजून कोणी नव्हते.

शेजारच्या गावच्या चक्कीने पाहिले, तिने पाती दुःखात थांबवली. तिला पाहून पलीकडच्या दोघींनी. दुपारपर्यंत अख्ख्या सपाट मुलखात एकही चक्की आनंदात उरली नव्हती. बाळंतीण गेली, की बाळ गेले, की दोन्ही, एवढाच वाद शिल्लक होता. काळे कपडे घातलेली माणसे आमच्या दारात जमू लागली. सुतार शवपेटीच्या मापासाठी मोजपट्टी घेऊन आला. तो आतल्या खोलीच्या दारात टोपी काढून उभा राहिला, आणि मी पलंगावर बसून टोस्टवर साखरेची बडीशेप पेरून खात होते. बाळ झाले की आमच्याकडे तेच खातात. मी त्याला विचारले, तुम्हाला एक देऊ का? त्याने घेतला. मग बाहेरच्या सगळ्यांना द्यावे लागले, आणि घरातले टोस्ट संपले तेव्हा लोकांनी दुःखाच्या घरी आणलेला केक कापला. त्या दिवशीइतके हसणे आमच्या अंगणात पुन्हा झाले नाही.

बातमी ट्वेंटेपर्यंत पोहोचली होती. एक चक्कीवाला रेल्वेने तिकडे पोती घेऊन चालला होता, त्याने वडिलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी माझे वडील, लुबर्ट वेसेलिंक, काळा कोट घालून आमच्या दारात उभे राहिले. लग्नाला न आलेला माणूस मला पुरायला आला होता. मी दार उघडले. ते मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, “तुझा नवरा मूर्ख आहे.”

मी म्हटले, “हो. आत या.”

ते आत आले, बाळाला घेतले, आणि आठवडाभर हलले नाहीत. जाताना बेरेंडांना म्हणाले की वाऱ्यात काहीतरी कसब आहे खरे, फक्त तुमच्या मुलात नाही. दोघे म्हातारे त्यावर एकत्र हसले. तिथपासून पाणी आणि वारा यांचा आमच्या घरापुरता तह झाला. ज्या चुकीने मला माझे वडील परत मिळाले, तिला मी चूक कधी म्हटले नाही. एप्पो मात्र म्हणतो. जन्मल्या दिवशीच ज्याच्यासाठी सगळ्या मुलखाने काळे घातले, त्याचा वाऱ्यावर विश्वास नसला तर नवल नाही. तो वाईट मुलगा नाही. हिशेबाला चोख आहे, बायकोवर हात उगारत नाही, आईला खुर्ची आणून देतो. फक्त त्याला बटण दाबल्यावर जे सुरू होते तेच खरे वाटते.

कलम ५. सून रेन्सिना हिच्याविषयी. ही किराणा दुकानदाराची मुलगी. वाऱ्याची नाही, पाण्याचीही नाही. कागदी पुड्यांची. एप्पोने तिला घरी आणले तेव्हा मी ओक्केला म्हटले, घराण्यात पहिल्यांदाच दळणाऱ्याच्या रक्ताबाहेरची पोर आली, आता शिडी कोण चढणार? ती शिडीला भीत होती, हे खरेच आहे. पीठ तोलून देताना ती काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरायची आणि मग वर चिमूटभर घालायची. मी म्हणायचे, बाई, अशाने आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात तसे होईल. ती म्हणायची, “असू दे हो आई, कुत्रं पुन्हा आपल्याच दारात येतं.” गिऱ्हाईक वाढले हे मला मान्य करावे लागते. तिचे वाटाण्याचे सार पातळ असते हे तिला मान्य करावे लागेल.

ओक्के गेल्यानंतर माझा खुबा मोडला, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी खिडकीशी पडून होते. माझ्या जागी दळणारा एप्पो चक्की चालू ठेवून गावात टेलिफोन करायला गेला, म्हणाला, आत्ता येतो. वारा मंद होता, पात्यांवरची कापडी शिडे पूर्ण सोडलेली होती. आणि पश्चिमेकडून काळे ढग आले ते धावतच आले. माझ्या डोळ्यांदेखत पाती वेगळी दिसेनाशी झाली. चक्की पळाली होती.

पळालेल्या चक्कीचा ब्रेक जो ओढतो तो चक्की जाळतो. लाकडावर लाकूड घासते, ठिणग्या पडतात आणि वर सगळा पिठाचा धुरळा. आणि दाणे संपले की दगड दगडावर फिरतो, तीही आगच. म्हणून दगडांना वरून दाण्यांची वैरण घालत राहायची आणि खाली येऊन डोक्याला जोडलेला मागचा दांडा चरकाने, म्हणजे हाताने फिरवायच्या रहाटाने, ओढत डोके वाऱ्यातून बाजूला वळवायचे. दोन माणसांचे काम आहे. मी खिडकीतून ओरडत होते आणि वारा माझे ओरडणे परत खोलीत आणून टाकत होता. अंगणात रेन्सिना धुणे काढत होती. तिने धुणे टाकले आणि ती चक्कीत शिरली. मी देवाला म्हटले, ही आता ब्रेक ओढणार.

ती वर गेली, खाली आली, चरकाला भिडली, पुन्हा वर गेली. पुन्हा खाली. झगा फाटला होता, एक बूट नव्हता. डोके इंचाइंचाने वळत गेले आणि पाती पुन्हा मोजता येऊ लागली. मग पाऊस आला. ती माझ्या खोलीत येऊन दाराशी बसली, पांढरीफटक, पिठाने आणि भीतीने.

मी विचारले, “ब्रेक का नाही ओढलास?”

“तुम्हीच तर म्हणता, पळत्या चक्कीला थांबवायचं नसतं, खायला घालायचं असतं.”

“हे मी तुला कधी सांगितलं?”

“मला नाही,” ती म्हणाली. “एप्पोला. रोज जेवताना. तो ऐकत नव्हता, मग कुणीतरी ऐकायला हवं होतं ना.”

लेकी बोले सुने लागे म्हणतात. मी जन्मभर लेकाला बोलत राहिले आणि सून शिकत राहिली.

वैरण म्हणून तिने काय घातले ते मागाहून उघड झाले. आधी राय, म्हणजे आमच्या भाकरीचे धान्य, मग वाटाणे, मग फोक्को यांनी आमच्याकडे पेरणीसाठी ठेवलेले जव, आणि शेवटी स्वयंपाकघरातला घेवडा, पुड्यांसकट. त्या पिठाची धिरडी आम्ही महिनाभर खाल्ली. फोक्को बियाण्याबद्दल भांडायला आले, त्यांना पानावर बसवले, आणि त्यांनी तीन वेळा मागून घेतली.

कलम ६. ‘उशिराचा कोंबडा’ ही पवनचक्की, पाती, शिडे, दगड, दोर, चरक, कलम ३ मधील टाकी आणि चक्कीभोवतीची जमीन, हे सर्व मी माझी सून रेन्सिना हिला देते. एकटीला. ही मिळकत नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेत मिसळू नये, एप्पोचा तिच्यावर कोणताही अधिकार नसावा. पूर्वी बायकोला धंदा करायला नवऱ्याची संमती लागे, आता कायद्याने ती लागत नाही. कायदा बदलणाऱ्यांचे आभार, जरा लवकर उठले असते तर मलाही उपयोग झाला असता.

चक्कीच्या मधल्या खांबावर दळणाऱ्या प्रत्येक टामेन्सचे नाव कोरलेले आहे. उशिरा उठणारा वीबे. त्याचा मुलगा, ज्याने पुरात चक्कीच्या माळ्यावर गाव जेवू घातले. त्याचा भाऊ, जो दगड टाकवताना गायचा आणि म्हणून बायको चक्कीत येत नसे. मग बेरेंड, मग ओक्के. ओक्केच्या खाली माझे नाव आहे, मी स्वतः कोरलेले, बेरेंडांना वाकवत नसे त्या उंचीवर. माझ्या खाली बरीच जागा आहे.

रक्ताचे म्हणाल तर दगडाला रक्त कळत नाही. मीही या घरात परकीच आले.

पण एक अट. चक्की ही गळ्यात बांधायची वस्तू नाही. पहाटे उठणे आहे, गारठा आहे, वर्षाचे पोट वाऱ्याच्या लहरीवर आहे, आणि नवऱ्याची नाराजी आहे. रेन्सिनाने स्वतःच्या तोंडाने हो म्हटले पाहिजे. ती नको म्हणाली तर चक्की एप्पोची, आणि मग पात्यांचे जे व्हायचे ते होवो. मी तिला अजून विचारलेले नाही. इतकी वर्षे तिच्या साराला नावे ठेवल्यावर विचारायला तोंड होत नाही. ती नको म्हणेल याची मला भीती वाटते, आणि मी सहसा कशाला भीत नाही.

कलम ७. बँकेतील शिल्लक, घड्याळ आणि घर एप्पोला, कायद्याने मुलाचा जो वाटा निघतो तो यातूनच भरावा. चक्कीत त्याने केव्हाही यावे, दळायला मदत करावी, मालकिणीने सांगितले तर. एप्पो, रागावू नकोस. पोत्यांना गोदाम कुठेही मिळते. तू मला फार आवडतोस, हे तोंडी सांगायचे राहून गेले.

कलम ८. मी गेल्यावर पाती रिवाजाप्रमाणे दुःखात थांबवावीत, पण ब्रेक ओढताना वर पाहावे. दफनाहून परतल्यावर वारा असेल तर दळायला लागावे. लोकांची दळणे खोळंबतात.

जोड, आजच लिहिलेली. वरील मजकूर सही करण्यापूर्वी मी स्वयंपाकघरात दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवत होते. फोक्को, आणि चक्क्यांची कामे करणारे सुतार युरी, ज्यांना एप्पोने पाती उतरवण्याचा दर विचारला होता आणि ज्यांनी तो अद्याप सांगितलेला नाही. कलम ६ संपता संपता माझे लक्ष वर गेले तर रेन्सिना कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी. कधीपासून, ते माहीत नाही.

युरी आपल्या टोपीकडे बघू लागले. फोक्कोंनी साखरदाणी पुढे ओढली, ते साखर घेत नाहीत.

मी म्हटले, “ऐकलंस ना सगळं? मग बोल. जबरदस्ती नाही. नको म्हणालीस तरी या घरात तुला कुणी काही बोलणार नाही.”

तिने ट्रे ठेवला. माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर पाहिले. मी कागदाची घडी घालायला घेतली. मग ओल्या डोळ्यांनी, पण दुकानात गिऱ्हाइकाला सांगावे तशा आवाजात म्हणाली, “आई, वारा फिरलाय, चांगला सुटलाय. सही मागून करा. हे दोघं बसलेच आहेत, त्यांना आधी शिडं सोडायला माझ्याबरोबर पाठवा.”

आणि एप्रन सोडून ती गेलीसुद्धा. दोन्ही साक्षीदार कॉफी तशीच टाकून तिच्यामागे गेले. शिडीवर सगळ्यांत पुढे ती होती. संध्याकाळपर्यंत दळण चालले, एप्पो शहरातून आला तो वर बघत अंगणात उभा राहिला, आणि थोड्या वेळाने कोट काढून पोती उचलू लागला. म्हणून ही सही सकाळची नसून संध्याकाळची आहे, आणि साक्षीदारांच्या बोटांचे पीठ कागदाला लागले आहे. अट पूर्ण झाली का, असे नोटरीसाहेब विचारतील, कारण हो हा शब्द कोणी उच्चारलेला नाही. त्यांनी खिडकी उघडून बघावे.

सही: फेना टामेन्स, माहेरची वेसेलिंक

आमच्यासमोर सही केली. लिहिणारी शुद्धीवर होती आणि फार खुशीत होती:

फोक्को बोल्ट, शेतकरी
युरी हाझेविंकल, सुतार

नोर्डरवीर, दि. १४ सप्टेंबर १९५८